सवलत देण्याचा हक्क कुणाचा?

चवथीचा बाजार भरू लागला की वर्तमानपत्रात बातमी शोधून काढावी लागते, इतक्या जाहिराती असतात. चाळीस टक्के सूट, पन्नास टक्के सूट, एकावर एक फुकट. दिवाळीपर्यंत हा धडाका चालतो आणि गेल्या काही वर्षांत त्यात ऑनलाइन बाजारांच्या महासेलची भर पडली आहे. गिऱ्हाईक म्हणून आपण खूश असतो. पण ह्या जाहिरातींच्या मागे एक माणूस उभा असतो, त्याच्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही. तो म्हणजे ह्या ऑनलाइन बाजारात आपला माल मांडणारा छोटा विक्रेता.

त्याची तक्रार पहिल्यांदा ऐकताना थोडी विचित्रच वाटते. तो म्हणतो, मला माझ्याच मालावर सूट द्यायची आहे आणि मला ती देता येत नाही!

माल त्याचा, भांडवल त्याचे, माल पडून राहिला तर नुकसानही त्याचेच. पण मालावर ‘सेल’चा शिक्का लावायचा तर बाजार चालवणाऱ्या कंपनीच्या अटी असतात. वस्तू आधी काही दिवस मूळ किमतीला विक्रीला असली पाहिजे. गिऱ्हाइकांचे शेरे चांगले हवेत. सूट किमान अमुक टक्के हवी. सेलच्या तारखा कंपनी ठरवणार. कधी कधी तर तीच वस्तू दुसरीकडे ह्याहून स्वस्त विकायची नाही, अशीही अट असते. अटी मान्य नसतील तर सेलच्या गर्दीत तुमचा माल कुठल्या पानावर जाऊन पडेल ते देवाला ठाऊक.

मंडळी, हे सारे इंटरनेटमुळे झाले असा आपला समज होतो. पण दुकानदाराने भाव कधी आणि किती उतरवावा हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची गोष्ट मोठी रंजक आहे आणि तिच्यात आपल्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मुळात ‘सेल’ ही कल्पनाच तशी अलीकडची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे विक्रेती एक भाव सांगते, आपण दुसरा सांगतो, आणि घासाघीस होऊन सौदा मधेच कुठेतरी तुटतो. जिथे भाव प्रत्येक गिऱ्हाइकागणिक ठरतो तिथे सूट कशावर देणार? सूट द्यायला आधी एक पक्की, लिहिलेली किंमत लागते. एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहरात मोठी दुकाने उभी राहिली, त्यांनी ही प्रथा रुजवली. आरिस्तीद बुसिको हा गृहस्थ १८५२ मध्ये ‘बाँ मार्शे’ ह्या दुकानात भागीदार झाला. त्याने वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, घासाघीस बंद केली आणि मंदीच्या दिवसांत भाव उतरवून गर्दी खेचण्याचे तंत्र बसवले. एमिल झोलाने १८८३ च्या आपल्या कादंबरीत अशाच एका अजस्र दुकानाचे आणि त्याच्या सावलीत कोमेजणाऱ्या आसपासच्या लहान दुकानांचे चित्रण केले आहे.

किमतीची चिठ्ठी आली, तिच्या पाठोपाठ सूट आली आणि सुटीच्या पाठोपाठ लबाडीही आली. दिवाळे निघाले, दुकान बंद करतो आहोत, माल मिळेल त्या भावाने काढतो आहोत, अशा पाट्या लागू लागल्या. मागच्या दाराने मात्र नवा माल आत येतच असे. फ्रान्सने १९०६ साली अशा विक्रीवर कायद्याने बंधने आणली. जर्मनीने १९०९ च्या अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्यात, आवराआवरीच्या विक्रीसाठी मुद्दाम नवा माल आणून भरण्याला मनाई केली. ही बंधने रास्तच होती. खोटे बोलू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

जर्मनीची गोष्ट मात्र इथे थांबली नाही. महामंदीत व्यापार बुडत होता. लहान दुकानदार हवालदिल झाला होता आणि त्याचा राग मोठ्या दुकानांवर व ग्राहक सहकारी संस्थांवर होता. १९३२ च्या मार्चमध्ये सरकारने वटहुकूम काढून वस्तूबरोबर काही फुकट देण्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी हिटलर सत्तेवर आला. मोठ्या दुकानांपैकी कितीतरी ज्यू मालकांची होती आणि लहान दुकानदारांच्या असंतोषाला नाझींनी आधीपासूनच खतपाणी घातले होते. मे १९३३ मध्ये किरकोळ व्यापाराच्या संरक्षणाच्या नावाखाली नवी दुकाने उघडण्यावर निर्बंध आले. २५ नोव्हेंबर १९३३ रोजी ‘राबाटगेझेत्स’, म्हणजे सवलत-कायदा, आला. नेहमीच्या वापराच्या वस्तूंवर रोख खरेदीसाठी जास्तीत जास्त तीन टक्के सूट देता येईल, त्याहून अधिक नाही! सहकारी संस्था आपल्या सभासदांना खरेदीच्या प्रमाणात जो परतावा देत, त्यालाही हाच तीन टक्क्यांचा लगाम बसला.

युद्ध झाले, हिटलर गेला, देशाचे दोन तुकडे झाले. पश्चिम जर्मनीत नवी राज्यघटना आली, खुल्या बाजारपेठेचा उदो उदो झाला. पण हा कायदा जिथल्या तिथे राहिला. सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला ह्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. नियम करण्याचे कारण संपते, पण नियम संपत नाही. तोपर्यंत त्याच्या आधाराने जगणारे लोक तयार झालेले असतात.

कायद्याच्या चौकटीत जर्मन दुकानदाराला मोसमाअखेरचे सेल भरवायला वर्षातून दोनच मुहूर्त मिळत. एक हिवाळी, जानेवारीच्या शेवटच्या सोमवारपासून, आणि एक उन्हाळी, जुलैच्या शेवटच्या सोमवारपासून. दोन्ही बारा-बारा कामाच्या दिवसांचे, आणि तेही कापडचोपड, पादत्राणे, चामड्याच्या वस्तू, क्रीडासाहित्य अशा ठरावीक मालापुरते. दुकानाच्या वर्धापनदिनाचा सेल करायचा म्हटला तर तो दर पंचवीस वर्षांनी! म्हणजे बापाने एक करावा आणि पुढचा मुलाने. ‘लँड्स एंड’ ह्या अमेरिकी टपाल-विक्री कंपनीची तर अशी पंचाईत झाली की, माल कधीही परत करा, अशी हमी ती सगळीकडे देत असे, पण जर्मनीत त्या हमीची जाहिरात करायला न्यायालयाने मनाई केली. इतकी उदार हमी म्हणजे स्पर्धकांवर अन्याय, असा एकंदर सूर.

आणि मग इंटरनेट आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युरोपात एक नवा धंदा सुरू झाला. एका वस्तूसाठी जितके जास्त गिऱ्हाईक नोंदणी करतील तितकी तिची किंमत खाली येईल, अशी ती योजना होती. ‘लेट्सबायइट’सारख्या कंपन्या ह्यात होत्या. कल्पना साधी आणि आपल्याला परिचयाची, चार शेजाऱ्यांनी मिळून घाऊक भावात नारळ घ्यावेत तशी. पण जर्मन न्यायालयांनी तिच्यावर बंदी आणली. घाऊक खरेदीची सूट मिळते ती एकाच गिऱ्हाइकाला, अनोळखी माणसांनी पडद्यावर जमवलेला घोळका हा काही एक गिऱ्हाईक नव्हे, अशा तऱ्हेचे युक्तिवाद झाले. १९३३ चा कायदा २००० सालच्या संगणकावर लागू झाला!

गंमत पाहा. ८ जून २००० रोजी युरोपीय संघाने ई-व्यापाराचे निर्देश काढले. त्यांचे तत्त्व असे की ऑनलाइन विक्रेत्याने, सर्वसाधारणपणे, आपल्या स्वतःच्या देशाचे नियम पाळले की पुरे. म्हणजे परदेशातला विक्रेता जर्मन गिऱ्हाइकाला वीस टक्के सूट देऊ शकेल, आणि बर्लिनचा दुकानदार मात्र तीन टक्क्यांवर अडकून पडेल. लहान दुकानदाराच्या रक्षणासाठी केलेला कायदा आता त्याच्याच गळ्याशी आला. अखेर जुलै २००१ मध्ये सवलत-कायदा आणि फुकट वस्तूंवरचा वटहुकूम दोन्ही रद्द झाले. सवलत-कायदा तब्बल ६८ वर्षे जगला.

तरीही सेलच्या मुहूर्तांचे बंधन उरलेच होते. जानेवारी २००२ मध्ये युरोच्या नव्या नोटा आल्या. ‘सी अँड ए’ ह्या कपड्यांच्या दुकानांनी कार्डाने पैसे देणाऱ्यांना वीस टक्के सूट जाहीर केली. सुट्या पैशांच्या घोळात रांगा लांबू नयेत, हे कारण. प्रकरण न्यायालयात गेले आणि मनाई झाली. मग कंपनीने सूट सगळ्यांनाच दिली, तर त्यालाही मनाई! लोकांना हे पटेना. शेवटी २००४ च्या नव्या कायद्याने सेलच्या तारखांचे बंधनही गेले. फ्रान्समध्ये मात्र वर्षातून दोन ठरावीक काळातले सेल अजून आहेत. २०२० पासून त्यांची मुदत सहा आठवड्यांवरून चारवर आली, इतकेच.

आता आपल्याकडे वळू. भारतात कायद्याने किमतीला छत आहे, जमीन नाही. वेष्टनावरच्या कमाल किरकोळ किमतीहून, म्हणजे आपल्या ‘एमआरपी’हून, जास्त घ्यायचे नाही. कमी घेतले तर सरकारची सहसा हरकत नसते. सर्व करांसह एमआरपी छापण्याची पद्धत १९९० पासूनची. तिचा एक उपपरिणाम असा की, छापील किंमत फुगवून ठेवायची आणि मग तिच्यावर भरघोस सूट दाखवायची, ही युक्ती सोपी झाली.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘फ्लिपकार्ट’ने आपला पहिला ‘बिग बिलियन डे’ भरवला. गर्दीने संकेतस्थळ कोलमडले, दुसऱ्या दिवशी कंपनीने गिऱ्हाइकांची माफी मागितली. दुकानदारांच्या संघटनांनी, एवढी सूट देण्याइतका पैसा कुठून येतो, असा जाब विचारला. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मडगावच्या मोबाइल दुकानदाराला कंपनीकडून ज्या भावाने फोन मिळतो, त्याहून कमी भावात तो गिऱ्हाइकाला ऑनलाइन मिळू लागला तर त्याने काय करावे? २०१६ मध्ये आणि मग २६ डिसेंबर २०१८ च्या पत्रकाने केंद्र सरकारने सांगितले की, परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराने मालाच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकायचा नाही. हे १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. कागदावर तरी भाव ठरवणारा विक्रेताच.

व्यवहारात मात्र सवलतीची चावी ज्याच्या हातात गिऱ्हाईक आहे त्याच्याकडे जाते. ह्याची दोन उदाहरणे भारतीय स्पर्धा आयोगाच्या आदेशांत आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने ‘मारुती सुझुकी’ला २०० कोटींचा दंड केला. विक्रेत्यांनी ठरल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये म्हणून कंपनी खोटी गिऱ्हाइके पाठवून त्यांची परीक्षा घेत असे आणि सापडलेल्यांना दंड करीत असे, असे आयोगाला आढळले. दुसरे उदाहरण आम्हां गोवेकरांच्या अधिक जवळचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने ‘मेकमायट्रिप-गोआयबिबो’ला सुमारे २२३ कोटींचा दंड केला. हॉटेलने आपली खोली दुसऱ्या संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावरही ह्याहून कमी भावात द्यायची नाही, ही अट हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. पावसाळ्यात रिकाम्या खोल्या घेऊन बसलेल्या कळंगुटच्या किंवा पाळोळ्याच्या लॉजमालकाला ह्या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही कंपन्या अपिलात गेल्या. पण प्रश्न उघड्यावर आला, हेही थोडे नाही.

मग सगळीच बंधने काढून टाकावीत काय? मला तसे वाटत नाही. ज्याच्या खिशात अमर्याद पैसा आहे त्याने तोट्यात विकून शेजारची दुकाने बंद पाडायची आणि मग भाव चढवायचे, ह्याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. खोटी सूटही चालू देता येणार नाही. युरोपीय संघात २०२२ पासून असा नियम आहे की, किंमत उतरवली असे जाहीर करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवलीच पाहिजे. ह्या नियमाने कुणाची सूट अडत नाही, अडते ती थाप. ऑनलाइन बाजाराची ‘आधी काही दिवस मूळ किमतीला विका’ ही अट ह्याच जातीची असेल तर तिच्याविरुद्ध ओरड करण्यात अर्थ नाही.

फरक आहे तो दुसऱ्याच गोष्टीत, आणि इथे माझ्यातला कारकून बोलतो आहे. जर्मनीचा तो कायदा वाईट होता, पण तो राजपत्रात छापलेला होता. त्याला तारीख होती, कलमे होती. त्याविरुद्ध न्यायालयात जाता येत होते, वर्तमानपत्रात लिहिता येत होते, संसदेत मत मागता येत होते. अडुसष्ट वर्षांनी का होईना, तो गेला. आजच्या विक्रेत्याला त्याचा नियम एका ई-मेलमधून कळतो. काल चालत होते ते आज का चालत नाही, हे विचारायला समोर माणूस नसतो आणि उत्तर आलेच तर ते यंत्राने लिहिलेले असते.

युरोपात १२ जुलै २०२० पासून ह्यावर एक उपाय लागू झाला. ऑनलाइन बाजाराने विक्रेत्यांसाठीच्या अटी बदलायच्या तर किमान पंधरा दिवस आधी कळवायचे, कुणाचा माल बंद केला तर कारण द्यायचे, आणि माल वर-खाली कशाच्या आधारे लागतो ते सांगायचे. आपल्या २०२० च्या ई-व्यापार नियमांतही, विक्रेत्या-विक्रेत्यांत भेद करीत असाल तर तसे अटींत लिहा, असे कलम आहे. मागणी काही फार मोठी नाही. आमच्या कचेरीत एखाद्या हवालदाराची बदली करायची झाली तरी आदेशावर क्रमांक, तारीख आणि कुणाची तरी सही लागते. ज्याचे पोट दुसऱ्याच्या बाजारावर अवलंबून आहे, त्याच्या वाट्याला निदान एवढे तरी यायला हवे.