टाका मोजला, तास मोजायचे राहिले



हातात सुई-दोरा घेऊन बाई ओट्यावर बसली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "चालले रिकामपणचे उद्योग!" आज आपण याच रिकामपणच्या उद्योगाचा इतिहास बघणार आहोत. सगळं भरतकाम एका भाषणात मावायचं नाही. म्हणून आपल्या शेजारीच वाढलेला एक कशिदा घेऊ. त्याचं नाव कसुती.

कसुतीचा मुलूख म्हणजे धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर. हा भाग आज कर्नाटकात आहे, पण १९५६ सालापर्यंत तो मुंबई राज्यात होता. तिथल्या बागलकोट जिल्ह्यात इळकल नावाचं गाव आहे. आपल्या आज्या ज्याला इरकल म्हणायच्या, ते लुगडं या गावचं. सोलापूर, कोल्हापूर, मराठवाडा, सगळीकडे हे लुगडं नेसलं गेलं. त्याचा लाल-पांढरा टोपपदर आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिला असेल. कसुती भरायची ती मुख्यतः याच लुगड्यावर, आणि पदराजवळ सगळ्यात जास्त. पदराशी मोठी नक्षी असते. पदरापासून दूर जावं तशी ती लहान आणि विरळ होत जाते.

कसुती म्हणजे हाताने केलेलं सुताचं काम. कन्नड भाषेत 'कै' म्हणजे हात. त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. तिचे टाके चार.

पहिला गवंती. हा आपला धावदोराच, पण जाऊन परत येणारा. जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. परत येताना सोडलेली घरं भरायची. ओळ सलग दिसते, आणि कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

दुसरा मुर्गी. तोही तसाच, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढत-उतरत जातो.

तिसरा नेगी. लांब-आखूड धावदोऱ्याचा. त्यातली नक्षी मागावर विणल्यासारखी वाटते.

चौथा मेंथी, म्हणजे मेथी. हा फुलीचा टाका. नक्षीचा आतला भाग भरायला तो वापरतात.

आता यातलं खरं कसब ऐका. जुन्या रीतीत कसुतीला कापडावर नक्षी काढत नाहीत. पेन्सिल नाही, कार्बन नाही, छाप नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गाठ मारायची नाही, कारण मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसली पाहिजे. गवंतीत दोरा गेला त्याच वाटेने परत येतो. त्यामुळे कुठून निघायचं, कुठे वळायचं, परत कसं यायचं, हे सुई टोचण्याआधीच ठरवावं लागतं. सुरुवातीला एक धागा चुकला तर शेवटी हत्तीची सोंड जुळत नाही. ज्या बायांना शाळेची पायरी चढायला मिळाली नाही, त्या हा हिशेब मनात करत होत्या. त्याला गणित मात्र कुणी म्हटलं नाही.

आणि नक्षी कुठली निवडायची? जी रोज डोळ्यांसमोर असते ती. देवळाचं गोपूर, जत्रेतला रथ, पालखी, अंगणातलं तुळशीवृंदावन, पाळणा, मोर, पोपट, हत्ती, कमळ. लग्नात मुलीला काळी चंद्रकाळी साडी द्यायची रीत होती, तिच्यावर ही सगळी नक्षी भरलेली असे. चित्राची वही विकत आणावी लागत नव्हती. गाव हीच वही होती.

इथपर्यंत हे काम घरातल्यासाठी होतं. करणारीही घरातली, वापरणारीही घरातली. त्याची किंमत कुणी विचारली नाही आणि कुणी सांगितली नाही.

मग सुई शाळेत गेली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचं काम सुरू केलं. विधवा आणि गरजू बायकांना तिथे शिक्षण मिळालं, त्यात शिवणकामही होतं. शिकलेल्या हाताला मोल मिळू शकतं, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. दुसरीकडे मुलींच्या शाळांमधून शिवण-भरतकाम हा खास मुलींचा विषय होऊन बसला. छापील नक्षी आली, ती कार्बन ठेवून गिरवायची सोय आली. त्याने काम सोपं झालं, नव्या मुलीला धीर आला. पण गावोगावच्या उशांवर तीच टोपली आणि तीच गुलाबाची फुलं दिसू लागली. आपल्या अंगणातलं वृंदावन तेवढं राहून गेलं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं. त्याच्या अध्यक्ष होत्या कमलादेवी चट्टोपाध्याय. बायकांच्या हातची कला ही देशाची संपत्ती आहे, हे त्यांनी सरकारदरबारी लावून धरलं. पुढे १९६९ साली कच्छमध्ये दुष्काळ असताना चंदाबेन श्रॉफ यांनी धाणेटी गावच्या बायकांना भरतकामाचं काम दिलं. त्यातून 'सृजन' ही संस्था उभी राहिली. तिथे दुष्काळात फुकटचं धान्य नको, काम द्या, असं म्हणणाऱ्या बायांच्या हातात कला आधीपासूनच होती. हुंड्या-आंदणासाठी जे भरायचं, तेच आता घर चालवायला उपयोगी पडलं.

पण काम मिळालं म्हणजे बाई कामगार ठरली का? अहमदाबादमध्ये १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही असंघटित बायकांची कामगार संघटना नोंदवायला घेतली. तेव्हा अधिकाऱ्यांची अडचण अशी, की या बायकांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? संघटनेचं म्हणणं होतं, की संघटना कोणाविरुद्ध असायला नको, ती कामगारांच्या एकीसाठी असते. शेवटी नोंदणी झाली. घरात बसून तुकड्यावर काम करणाऱ्यांसाठी जगाच्या पातळीवरचा करार मात्र १९९६ साली झाला. त्यावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

मैत्रिणींनो, हा इतिहास आम्ही सांगतोय तो आजच्या कामासाठी. आता गटांकडे व्यापारी येतात. म्हणतात, "ताई, घरबसल्या होईल, टीव्ही बघता बघता होईल, नगाला इतके देतो." आणि आपण हो म्हणतो, कारण हे काम आपल्यालाही रिकामपणचंच वाटतं. रोजगार हमीच्या कामावर मातीचं माप झाल्याशिवाय आपण मजुरी घेत नाही. मग टाक्याचं माप का नको?

म्हणून आमच्या गटांनी एक साधी वही ठेवायची ठरवली. त्यात तीन रकाने: कापड-दोऱ्याचा खर्च, लागलेले तास, मिळालेले पैसे. समजा, एका कुर्त्याच्या गळ्याला वीस तास लागले आणि दोरा वगळून हातात दोनशे रुपये आले. म्हणजे तासाला दहा रुपये पडले. हा आकडा कागदावर दिसला की भाव बोलताना जीभ अडखळत नाही.

काम नीट पुरं करणं हाही भावाचाच भाग आहे. लाल, काळा दोरा वापरायच्या आधी ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, रंग सुटतो का ते कळेल. पहिल्यांदा कसुती करत असाल तर ज्याचे धागे मोजता येतात असं कापड घ्या, मॅटी चालेल. चौकटीच्या वहीत आधी नक्षी आखा. लहानशा कमळापासून सुरुवात करा, रथ नंतर. दोऱ्याचं टोक गाठ न मारता मागच्या टाक्यांत ओवून टाका. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करा, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. बाजारात कसुती म्हणून मशीनचं भरलेलं किंवा नुसतं छापलेलं कापडही मिळतं. घेताना उलटून बघा. हाताची गवंती मागूनही पुढच्यासारखीच असते.

सगळंच विकायला हवं असं आम्ही म्हणत नाही. एखादं काम स्वतःसाठीच असावं. नातीच्या झबल्यावर मोर भरावा, आपल्याच पदरावर वृंदावन भरावं, त्यात मन रमतं. तेही वहीत लिहा. पैशाच्या रकान्यात 'माझ्यासाठी' असं लिहा, पण तास मात्र खरे लिहा. वर्षाच्या शेवटी ती वही घरात वाचून दाखवा.