‘थायरॉईड आहे’ : एका दुखण्याच्या नावाचा इतिहास

‘मला थायरॉईड आहे’ हे वाक्य मराठी बोलण्यात आता चांगलेच रुळले आहे. थायरॉईड तर प्रत्येकालाच असतो. ती गळ्यातील एक ग्रंथी आहे. ‘मला यकृत आहे’ असे कोणी म्हणत नाही. तरी हे वाक्य दुरुस्त करण्याची घाई आम्हांस नाही. अवयवाचेच नाव आजाराला द्यावे लागले, याचा अर्थ या आजारासाठी आपल्याजवळ शब्द नव्हता. तो का नव्हता, याचा शोध घेण्यासारखा आहे.

याच ग्रंथीच्या दुसऱ्या एका विकाराला मात्र फार जुना शब्द आहे: गलगंड. सुश्रुतसंहितेत गळ्याशी लोंबणाऱ्या या सुजेचे वर्णन आढळते. गलगंड दिसतो, म्हणून त्याला नाव मिळाले. आणि पुढे सरकारी योजनाही मिळाली. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि आज वर्धा जिल्ह्यातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले असते, त्याचे मूळ तेथे आहे. परंतु ग्रंथी बाहेरून दिसेल अशी न सुजता आतल्या आत मंदावली तर? बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते आणि तिला हळूहळू निकामी करते. हा दोष मिठाने जात नाही. त्याची लक्षणे म्हणजे थकवा, अंग जड होणे, केस गळणे, बद्धकोष्ठता, थंडी वाजणे, विसरभोळेपणा. यांतील एकही लक्षण असे नाही की जे ऐकून घरातील माणसे ‘वय झालं’ किंवा ‘काम नको म्हणून’ असे म्हणणार नाहीत.

परिभाषाकारांनी मराठीत या ग्रंथीला ‘अवटु ग्रंथी’ म्हटले. अमरकोशात मात्र ‘अवटु’ हा शब्द ‘घाटा’ आणि ‘कृकाटिका’ यांच्या पंगतीला, म्हणजे मानेच्या मागच्या भागासाठी येतो. ग्रंथी गळ्याच्या पुढे, शब्द मानेच्या मागे! हा शब्द पाठ्यपुस्तकातच राहिला यात नवल नाही. पण इंग्रजांचेही फार बरे चालले होते असे नाही. 1656 मध्ये टॉमस व्हार्टनने ढाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून थायरॉईड हे नाव दिले, आणि गळ्याला गोलाई व शोभा आणणे, विशेषतः स्त्रियांच्या, हे तिचे एक प्रयोजन सांगितले. स्त्रीच्या गळ्यातील या अवयवाकडे दागिना म्हणून पाहण्याची ही दृष्टी आम्हांस थोडी ओळखीची वाटते.

आजार म्हणून त्याची नोंद होण्यास 1873 साल उजाडावे लागले. लंडनच्या विल्यम गल यांनी त्या वर्षी प्रौढ स्त्रियांत हळूहळू येणारी एक सुस्त, सुजट अवस्था वर्णिली. 1878 मध्ये विल्यम ऑर्ड यांनी तिला ‘मिक्सिडीमा’ म्हटले. पुढे 1891 मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क 46 वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती 1919 पर्यंत, म्हणजे आणखी 28 वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनीच मांडला आहे. या हकिकतीत आम्हांस मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: मात्रा बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठी मरे यांच्याजवळ त्या बाईखेरीज दुसरे काही नव्हते. तिचा चेहरा, तिचे बोलणे, चालणे, तिला वाजणारी थंडी, पुरावा एवढाच.

त्यानंतर रसायनशास्त्र झपाट्याने पुढे गेले. 1914 च्या नाताळात केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले, 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनविले. खरा पालट झाला तो 1960 च्या दशकात, जेव्हा रक्तातील टी.एस.एच. मोजता येऊ लागला. ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हा संप्रेरक अधिक पाठवून तिला हाका मारते. हाका किती मोठ्याने चालल्या आहेत ते आकड्यात कळू लागले. या मोजमापाने उपकारच केले. त्यापूर्वी पुष्कळ रुग्णांना आजच्या दुप्पट मात्रा दिली जात असे आणि त्याचा भार हृदयावर व हाडांवर पडे. मात्र पुराव्याची जागा बदलली. मरे बाईला विचारीत. आता कागदाला विचारले जाऊ लागले.

वर्धा जिल्ह्यात, बोर अभयारण्याच्या वाटेवरील हिंगणी येथे आमच्या एक मावशी राहतात. सेवाग्रामचे, ग्रामीण भागासाठी 1969 मध्ये निघालेले वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यातले. तरीही मावशींचे निदान व्हायला कित्येक वर्षे गेली. मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, त्या रात्री गोधडी मागत. लंडनच्या हवेत ज्या लक्षणाकडे वैद्याचे लक्ष जावे, ते विदर्भात थट्टेचा विषय झाले. पुढे गोळी सुरू झाली, आणि वर्षानुवर्षे तीच मात्रा चालू राहिली. गोळी त्या सकाळच्या चहाबरोबर घेत. त्याच घोटात रक्तवाढीची लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. ही दोन्ही थायरॉक्सिन शोषू देत नाहीत, त्यांत चार तासांचे अंतर हवे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शंभर गोळ्यांची बाटली टिनाच्या छपराखाली, चुलीवरच्या फळीवर. उष्णतेने हे औषध उतरते हेही नाही. टी.एस.एच. वाढलेला दिसला की ‘गोळ्या नीट घेत नाही’ असा शेरा मिळे. त्या तर एकही दिवस चुकल्या नव्हत्या.

अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी, गोळी कशाबरोबर घेता, हे विचारले. अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या तासभर आधी. बाटली माठाजवळच्या थंड कोपऱ्यात. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आकडा जागेवर आला. सूज गेली, बोलणे मोकळे झाले. मात्र सकाळचा थकवा राहिला. त्यावर मावशींनी डॉक्टरीणबाईंना जे सांगितले, ते आम्ही तेथे बसून ऐकले: ‘कागद बरा झाला जी, मी नाही झाली.’

ही तक्रार एकट्या मावशींची नाही. आकडा योग्य असूनही बरे न वाटणाऱ्यांचे प्रमाण उपचार घेणाऱ्यांत 5 ते 10 टक्के असावे, असा अंदाज वारंवार दिला जातो. थायरॉक्सिनचे शरीरात दुसऱ्या, अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर होते, हे 1970 मध्ये सिद्ध झाले. काही रुग्णांत ते पुरेसे होत नसेल, या तर्काने 1999 मध्ये दोन्ही संप्रेरके एकत्र देऊन पाहिली गेली आणि 33 रुग्णांच्या त्या लहान अभ्यासात लाभ दिसला. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो टिकला नाही. वाद मिटलेला नाही. थकव्याचे मूळ रक्तक्षय, बी-12 ची उणीव किंवा खिन्नता यांतही असू शकते, आणि ते तपासायलाच हवे. पण ‘तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे त्या तपासणीचे आरंभवाक्य असावयास हवे होते, ते बहुधा समारोपाचे होते.

भारतातील आठ शहरांच्या 5,376 प्रौढांच्या पाहणीत, जी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे 11 टक्के लोकांची ग्रंथी मंद आढळली. समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत थोडी अधिक. त्या आठांत मुंबई आणि गोवा आहेत. विदर्भ नाही, आणि खेडे तर एकही नाही.

मावशींची फाईल आम्ही पाहिली. नऊ वर्षांचे कागद, प्रत्येकावर तारीख, वजन, टी.एस.एच., मायक्रोग्रॅम. ‘रुग्ण काय म्हणतो’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ आहे. शेवटच्या कागदावर त्या डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात दोन ओळी आहेत: सकाळी थकवा कायम, हिमोग्लोबिन पाहणे. हिमोग्लोबिन आठ निघाले.