सागावरील पर्णभक्षक अळ्या

सागाची पाने खाऊन झाडाची वाढ रोखणाऱ्या अळ्यांत दोन पतंगांच्या अळ्या प्रमुख आहेत. हायब्लिया प्युएरा ही जाड शिरा तेवढ्या ठेवून सारे पान फस्त करते. युटेक्टोना मॅकेरॅलिस शिरांच्या मधला हिरवा भाग खरवडून खाते व पानाची जाळी करते. अलीकडच्या वर्गीकरणात हिचा समावेश पॅलिगा या प्रजातीत करतात. दोन्ही एकाच झाडावर येतात, पण त्यांची येण्याची वेळ वेगळी आहे, आणि झाडाच्या वाढीच्या दृष्टीने सगळा फरक या वेळेनेच पडतो.

हायब्लियाचा पतंग लहानसा असतो. पुढचे पंख करडे-तपकिरी, मागचे काळपट व त्यांवर नारिंगी पट्टे. मादी कोवळ्या पानांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. अळी थोडी मोठी झाली की पानाची कड कातरून दुमडते, धाग्यांनी चिकटवते आणि त्या घडीच्या आडोशाला राहून खाते. साथीच्या दिवसांत या अळ्या काळपट दिसतात. एरवी तुरळक सापडणारी अळी हिरवट असते. दहा-बारा दिवसांत वाढ पुरी झाली की ती धाग्याला लोंबकळत खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा सारा प्रवास तीन आठवड्यांच्या आसपास उरकतो. साथ ऐन भरात असताना सागवनात उभे राहिले तर आभाळ कोरडे असूनही पाऊस पडत असल्यासारखा आवाज येतो. ती अळ्यांची विष्ठा सुक्या पाचोळ्यावर पडत असते.

केरळात पूर्वमोसमी सरी पडल्या की एप्रिल-मेमध्ये साथ सुरू होते. आधी सागवनात लहान लहान पट्टे बोडके होतात, मग पुढच्या पिढ्यांचे पतंग दूरवर पसरतात. महाराष्ट्रात साग उन्हाळाभर निष्पर्ण असतो आणि जूनच्या पावसाबरोबर पालवतो. त्यामुळे चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट भागात हा उपद्रव जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो. जाळी करणारी अळी पाने जून झाल्यावर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सागाचे रान दुरून होरपळल्यासारखे तपकिरी दिसते, ते हिच्यामुळे.

पाने गेल्याने साग सहसा मरत नाही, आणि याच कारणाने या नुकसानीकडे फार काळ दुर्लक्ष झाले. साल वृक्षाच्या खोडात शिरणारा भुंगेरा झाडे वाळवतो, ती डोळ्यांना दिसतात व मोजली जातात. सागाचे तसे होत नाही; तीन-चार आठवड्यांत तो पुन्हा हिरवा होतो. मात्र पहिली पालवी झाडाने खोडामुळांत साठवलेल्या पिष्टावर काढलेली असते. ती अन्न तयार करू लागण्याआधीच गेली तर दुसरी पालवी त्याच साठ्यातून काढावी लागते. खोडाला नवे लाकूड चढण्याचा मोसम मर्यादित असतो. त्यातले कित्येक आठवडे निव्वळ भरपाईत जातात. कोवळ्या रोपवनात शेंड्याचा कोंबही खाल्ला जातो. मग बाजूचे कोंब जोर धरतात, खोडाला दुबेळके फुटते आणि सरळ लांब ओंडका मिळण्याची शक्यता कायमची जाते. माझ्या मते घनफळातल्या तुटीइतकीच ही हानी गंभीर आहे, कारण पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला तरी ती भरून निघत नाही.

या तुटीचे सर्वांत भरवशाचे मोजमाप केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर येथे केले. जगातील सर्वांत जुन्या सागवनांपैकी एक एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत याच भागात लावले गेले. के. एस. एस. नायर व सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षे वयाच्या सागाचे काही भाग अळ्यांपासून संरक्षित ठेवले, काही तसेच सोडले. हायब्लियापासून वाचवलेल्या झाडांची वाढ वर्षाला हेक्टरी ६.७ घनमीटर भरली, तर न वाचवलेल्यांची ३.७. म्हणजे शक्य असलेल्या वाढीपैकी सुमारे ४४ टक्के गमावली गेली. जाळी करणाऱ्या अळीचा परिणाम मात्र नगण्य निघाला. ती येते तोवर पान आपले बरेचसे काम करून चुकलेले असते. रान जळाल्यासारखे दिसल्यावर होणारी ओरड आणि प्रत्यक्ष नुकसान यांत किती अंतर असू शकते, हे या प्रयोगाने दाखवले. तरीही ४४ टक्के हा आकडा निलंबूरच्या तरुण सागाचा आहे. कमी पावसाच्या, मिश्र जातींच्या विदर्भातील जंगलाला तो जसाच्या तसा लावणे चूक ठरेल.

उंच झाडांवर कीटकनाशक फवारणे खर्चिक असते, आणि अळ्यांवर जगणाऱ्या माश्या व गांधीलमाश्याही त्यात मरतात. हायब्लियाला नैसर्गिकरीत्या एका विषाणूची लागण होते. बाधित अळी पानाला लोंबून मरते, तिचे शरीर द्रवरूप होऊन फुटते आणि विषाणू खालच्या पानांवर सांडतो. केरळच्या संस्थेने त्यापासून फवारणीचे द्रावण विकसित केले. इतर प्राण्यांना ते बाधत नाही. अडचण वेळेची आहे. अळ्या लहान असतानाच, साथीचे पहिले पट्टे हुडकून फवारावे लागते, आणि त्यासाठी हाताशी मोजकेच दिवस असतात.

हायब्लिया केवळ सागावर जगत नाही. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत पावसाळ्याच्या शेवटी तिवराची झाडे कधीकधी एकाएकी निष्पर्ण होतात, तीही हिच्यामुळेच. तिवरेही पुन्हा पालवतात. जावा बेटावरील सागवनांच्या परिसरात लोक हिचे कोष पाचोळ्यातून वेचतात, परतून खातात आणि बाजारात विकतात.