तुंगारच्या पायवाटा

राजांचा इतिहास शिलालेखांत सापडतो, किल्ल्यांचा बखरींत आणि दप्तरांत सापडतो. पायवाटेचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. ती पायांनी पडते आणि चार पावसाळे कोणी फिरकले नाही, की गवतात बुजून जाते. म्हणून एखादी वाट पिढ्यान्‌पिढ्या टिकून असली, तर तिच्यामागे माणसांची काही निकडीची गरज असली पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. भिवंडीच्या वायव्येस तुंगारेश्वराची जी डोंगररांग दिसते, तिच्यातल्या वाटांविषयी असेच काही सांगावे, हे पुष्कळ दिवस मनात होते. आज या वाटा 'धबधब्याच्या वाटा' म्हणून ओळखल्या जातात. आषाढ लागला, की मुंबई-ठाण्याकडची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून इकडे लोटतात. परंतु या वाटा धबधबा पाहण्यासाठी पडलेल्या नाहीत. त्या पाडल्या कोणी, आणि ज्यांनी पाडल्या त्यांचे पुढे काय झाले, हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस तानसा नदी, यांच्या मधोमध ही रांग उभी आहे. तिचा पश्चिम उतार वसई तालुक्यात, पूर्वेकडचा भिवंडी तालुक्यात. 2014 साली पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून तर डोंगर दोन जिल्ह्यांत विभागला आहे. दक्षिणेच्या अंगास कामणदुर्ग दोन हजार फुटांवर मान उंचावून असतो. सारा डोंगर काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, कठीण थर कड्यासारखा पुढे राहतो, आणि पावसाचे पाणी या पायऱ्यांवरून उड्या घेत खाली येते. चिंचोटीचा धबधबा आणि तुंगारेश्वराच्या देवळाजवळच्या ओढ्यातले लहानमोठे प्रपात हे असे घडले आहेत. चार महिने त्यांचा थाट. मग होळीच्या सुमारास जावे, तर बहुतेक ठिकाणी कोरडा कातळ!

या डोंगरात जाणारी एक जुनी वाट भाविकांची. स्थलपुराणाने तुंगारेश्वराची सांगड परशुरामाशी घातली आहे, आणि पायथ्यापासून थोड्याच अंतरावर शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारे, हे प्राचीन बंदर होते. तेथला बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली उकरून उजेडात आणला. बंदर गाळात गेले, पण महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी डोंगर चढणारे पाय थांबले नाहीत. भाविक ओढा ओलांडतो, हातपाय धुतो आणि देवळाकडे वळतो. पाणी त्याच्या वाटेवर लागते. पाण्यासाठी तो आलेला नसतो.

दुसरी वाट लाकडाची. 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती आणि तेथे जहाजे बांधली जात. जहाजाला साग लागतो, आणि सागाची राने पाठीशीच होती. पुढे चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, अशी परंपरा आहे. ते देऊळ याच रांगेच्या ईशान्येस, भिवंडी तालुक्यात आहे आणि किल्ल्यासारख्या तटाने वेढलेले आहे. राज्ये बदलली, पण लाकूड उतरवण्याच्या वाटा बदलल्या नाहीत.

तिसरी वाट सर्वांत दाट, आणि तिचाच उल्लेख कोठे फारसा आढळत नाही. ती वारली, काथोडी, मल्हार कोळी यांच्या पायांची. मी भिवंडीचा. माझ्या लहानपणी मोळीवाल्या बाया पहाटेच्या अंधारात डोंगर उतरून बाजाराच्या कडेला ओळीने बसत. त्यांतली एक म्हातारी आमच्या घरी नेहमीची. आजी तिला पेज-भाकरी देई आणि मी रानातल्या गोष्टी विचारी. धबधबा कसा दिसतो, असे एकदा विचारले, तेव्हा ती हसू लागली. पाऊस लागला की डोंगरातून पाणी पडणारच, त्यात पाहायचे ते काय, असा तिचा सवाल. मात्र कोणत्या डोहात उतरू नये आणि पाणी गढूळ दिसले की तेथून लगेच का फिरावे, हे तिने न विचारताच सांगितले होते.

या लोकांची रानाशी गाठ दोन-तीन गोष्टींनी पक्की बांधलेली होती. काथोडी खैराच्या गाभ्यापासून काथ करीत. त्यांचे नावच त्या धंद्यावरून पडले. शेतकऱ्याला राब हवा असे. भाताचे रोप लावण्याआधी झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण यांचा थर वाफ्यावर पसरून जाळायचा, म्हणजे जमीन भाजून निघते आणि रोप जोमाने वर येते. ठाणे जिल्ह्यातले भात या राबावर उभे होते, आणि राबाचा टाहाळ रानातून येत होता. वाट मोडली, तर शेत पडले!

ती वाट कायद्याने मोडली. मुंबई इलाख्यात 1847 साली डॉ. गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. पण खरा वळसा 1878 च्या जंगल कायद्याने पडला. राखीव रानात पाय टाकणे हाच गुन्हा ठरू लागला. काथ करणाराचा धंदा गेला, राबाचा टाहाळ तोडणारा दंडास पात्र झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली, की सरकारला 1885 मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. 1887 साली त्याचा अहवाल आला. राबाचा प्रश्न त्यात प्रमुख होता आणि पुढे राबाच्या काही सवलतीही मिळाल्या. परंतु सवलत आणि हक्क यांत फार अंतर आहे. काल जो घरच्या अंगणात फिरत होता, तो आज परवानगीने फिरू लागला.

ही नाण्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की रान राखले नसते, तर आज तेथे बोडके डोंगर दिसले असते. 2003 साली सुमारे 85 चौरस किलोमीटर क्षेत्र तुंगारेश्वर अभयारण्य म्हणून जाहीर झाले. एका बाजूस मुंबईचे राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूस तानसा अभयारण्य, आणि मध्ये हा डोंगर: बिबट्यासारख्या जनावराला एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यासाठी एवढाच पूल उरला आहे. भिवंडीच्या बाजूने गोदामे आणि वसईच्या बाजूने इमारती डोंगराच्या पायाशी येऊन टेकल्या आहेत, हे पाहिले म्हणजे या राखणीचे मोल कळते. जनावरांचीही वाट असते, आणि तिला कोणी वकील नसतो.

अशा डोंगरात शहरातला माणूस धबधबा पाहण्यासाठी येऊ लागला, ही या वाटांच्या इतिहासातली सर्वांत अलीकडची गोष्ट. मला त्याचा राग नाही. आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात राबणाऱ्या मुलाला एक दिवस पाण्याचा आवाज ऐकावासा वाटला, तर त्यात वावगे काय आहे? पण तो वाट घेतो आणि वाटेचे ज्ञान मागेच राहते. वाहत्या पाण्याबरोबर गरगरणारे दगड कातळात रांजणासारखे खळगे पाडतात. वरून पाणी सपाट दिसते आणि खाली माणूस बुडेल एवढा डोह असतो. डोंगर उभा आणि ओढ्याचा पल्ला आखूड, त्यामुळे माथ्यावर सर कोसळली, की पायथ्याशी ऊन असतानाच लोंढा येऊन पोचतो. 2018 च्या जुलैत चिंचोटीला शंभरावर माणसे अशीच अडकली. त्यांना बाहेर काढता आले, पण एक जण बुडाला. तो पहिला नव्हता आणि शेवटचाही ठरला नाही. अलीकडे पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास बंदी घालणारे हुकूम निघतात. पायथ्याशी पहारा बसतो आणि तरुण आडवाटेने चढतात, म्हणजे अधिक धोक्याच्या वाटेने.

येथे इतिहासाचा उपयोग होतो. 1878 साली जे झाले, तेच निराळ्या रूपाने पुन्हा होत आहे: वाट बंद करणे सोपे, वाट जाणणारा शोधणे कठीण. 2006 च्या वनहक्क कायद्याने पाड्यांतल्या लोकांचा रानावरचा हक्क मान्य केला आहे, आणि तो अभयारण्यातही लागू आहे. मग ठरावीक वाटा, ठरावीक संख्या, आणि प्रत्येक जथ्याबरोबर पाड्यातला एक वाटाड्या, त्याला रोख मजुरी, अशी व्यवस्था का होऊ नये? कोणत्या डोहात उतरू नये हे ज्याला आजीपासून ठाऊक आहे, त्याचा शब्द पाटीवरच्या अक्षरांपेक्षा लवकर ऐकला जाईल. पाणी चढले आहे, आज वर जायचे नाही, असे म्हणण्याचा अधिकारही त्यालाच असावा. बिबट्याच्या वाटा कोणत्या आणि तिकडे कधी फिरकू नये, हेही तोच सांगेल.

ज्यांच्या पायांनी या वाटा पडल्या, त्यांना आपण आधी गुन्हेगार ठरवले आणि मग विसरून गेलो. आता आपल्याच मुलांचे जीव वाचवण्यासाठी त्यांच्या दारी जावे लागणार आहे. जाताना उपकार करायला चाललो आहोत, असा भाव मात्र नसावा. जुने देणे फेडायला चाललो आहोत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.