रिकाम्या जागेची कुळकथा

निवडणूक लढवायची, जिंकायची आणि मग सभागृहात पाऊलही ठेवायचे नाही, या आयरिश प्रजासत्ताकवाद्यांच्या रीतीला ‘अनुपस्थितिवाद’ म्हणता येईल. मतदानावरील बहिष्काराहून ती निराळी, कारण तिच्यात लोकांचा कौल तर मागितला जातो, पण ज्या सभागृहासाठी तो मागितला त्याचाच अधिकार नाकारला जातो. या रीतीला घाट मिळाला तो हंगेरीत, आणि तोही राजसत्तेच्या चौकटीत. फेरेन्त्स देआक यांच्या नेतृत्वाखालील हंगेरियनांनी १८६१ मध्ये व्हिएन्नातील साम्राज्य-संसदेत प्रतिनिधी धाडण्याचे नाकारले आणि १८६७ च्या तडजोडीने, सम्राट सामाईक ठेवून, स्वतःचे शासन मिळवले. डब्लिनचे पत्रकार आर्थर ग्रिफिथ यांनी १९०४ मध्ये हाच दाखला आयर्लंडपुढे ठेवला. आयरिश संसद संपुष्टात आणणारा १८०० चा कायदाच अवैध असल्याने लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेत बसणे म्हणजे त्या अवैधतेला मान्यता देणे, असा त्यांचा युक्तिवाद होता, मात्र सामाईक राजाला त्यांची हरकत नव्हती.

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर प्रजासत्ताकवाद्यांनी ग्रिफिथ यांचा शिन फेन पक्ष आणि त्याचे हत्यार दोन्ही आपलेसे केले, राजा तेवढा वगळला. १९१८ मध्ये १०५ पैकी ७३ आयरिश जागा जिंकून तुरुंगाबाहेरचे सदस्य २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये ‘डॉल’ म्हणजे स्वतःची संसद भरवून बसले. पुढे देशाची ब्रिटनकडे राहिलेली उत्तर आणि वेगळे राज्य झालेली दक्षिण अशी फाळणी झाली आणि उरलेल्या कट्टर गटाने उत्तरेच्या बेलफास्टमधील संसदेलाच नव्हे, तर ब्रिटनशी झालेल्या तहातून उभ्या राहिलेल्या राज्याच्या डब्लिनमधील संसदेलाही फाळणीचे अपत्य ठरवले. डावपेच असा तत्त्व बनला, आणि म्हणूनच त्याला मुरड घालताना दरवेळी पक्ष दुभंगला: १९२६ मध्ये पक्षाध्यक्ष डी व्हॅलेरा बाहेर पडले, १९७० मध्ये फूट पडली, १९८६ मध्ये डॉलमध्ये बसण्याचा निर्णय होताच माजी पक्षाध्यक्ष रुआरी ओ ब्राडी यांनी वेगळी चूल मांडली. उत्तरेतील संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर शिन फेनने बेलफास्टच्या विधानसभेतही जागा घेतल्या. वेस्टमिन्स्टर तेवढे वर्ज्य राहिले, कारण आयर्लंडसाठी कायदे करण्याचा त्या संसदेचा अधिकारच पक्षाला मान्य नाही; शिवाय तेथे बसण्यासाठी ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथही घ्यावी लागते.

याच कराराने पुनरेकीकरणाचा प्रश्न उत्तर व दक्षिण अशा दोन्ही भागांतील बहुमताच्या संमतीवर सोपवला; उत्तरेतील सार्वमत केव्हा घ्यायचे हे मात्र ब्रिटिश मंत्री ठरवतो, आणि तो मंत्री ज्या सभागृहाला उत्तरदायी आहे, त्याच सभागृहात २०२४ मध्ये निवडून आलेले शिन फेनचे सात सदस्य बसत नाहीत.