हजार रुपयांचा ठराव

वडील गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी आवरताना दोन वस्तू हाती लागल्या. एक सायकलच्या कराचा पितळी बिल्ला. दुसरी, त्यांनी आमच्या गावच्या नगरपालिकेला लिहिलेल्या अर्जाची कार्बन प्रत. ‘शाळेजवळच्या वळणावर दिवा नाही. रात्री समोरून येणारे वाहन दिसत नाही. तरी खांब उभारावा ही विनंती.’ खाली नऊ शेजाऱ्यांच्या सह्या आणि कोपऱ्यात आवक शिक्का. त्या शिक्क्यानंतर दोन वर्षांनी त्याच वळणावर वडिलांच्या सायकलला ट्रकचा धक्का लागला आणि त्यांचा उजवा पाय कायमचा आखूड झाला. दिवा त्यानंतर लागला.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. बँकेत कारकुनी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मग जुनी कागदपत्रे वाचायचा नाद लागला. वडिलांच्या अर्जाचे पुढे काय झाले हे जाणून घ्यावे म्हणून माहितीचा अधिकार वापरून त्या वर्षाची सभांची इतिवृत्ते पाहिली. अर्ज सभेपुढे आलाच नव्हता. त्या महिन्याच्या सभेत एका मंत्र्यांच्या स्वागताचा खर्च मात्र मंजूर झाला होता. कमान, मांडव, हारतुरे, खुर्च्यांचे भाडे. शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ असा शेरा. तो शेरा वाचताना राग आला हे खरे. पण रागापेक्षा कुतूहल अधिक टिकले. स्वागताला सर्वानुमत इतके सहज कसे मिळते, आणि ही रीत किती जुनी? त्याचा माग काढत गेलो तो १८८० सालच्या पुण्यात पोचलो.

पुणे नगरपालिका १८५७ साली स्थापन झाली. पहिली पंचवीस वर्षे तिचे सभासद लोकांनी निवडलेले नसत, सरकार त्यांची नेमणूक करी. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे असेच नियुक्त सभासद होते. १८८० साली व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. बत्तीस सभासदांपैकी विरोध एकट्या फुल्यांनी केला. करदात्यांचा हा पैसा स्वागतापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला.

फुल्यांच्या चरित्रात हा प्रसंग बहुधा एका धीट समाजसुधारकाचे उदाहरण म्हणून येतो, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातला दुसरा फुले अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ठेकेदार फुले. सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे हा त्यांचा व्यवसाय होता. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचा संबंध आलेला होता. एक ब्रास दगडाला काय पडते, मजुराच्या हातात किती उरते आणि कागदावर किती दाखवले जाते, हे सभागृहातल्या फार थोड्या सभासदांना त्यांच्याइतके ठाऊक असेल. हजार रुपये म्हणजे शोभेच्या कमानीवर काय आणि शाळेत किंवा रस्त्यावर काय, याचा हिशेब त्यांना करता येत होता. त्यांचा विरोध तत्त्वाचा होता, तसा हिशेबाचाही होता.

बाकीच्या सभासदांना सरसकट खुशमस्करे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते अर्धसत्य ठरेल. ज्यांची नेमणूकच सरकारच्या मर्जीवर, त्यांना हात वर न करणे परवडणारे नव्हते. शिवाय त्या काळी मानपत्र हा केवळ स्तुतीचा कागद नसे. चार परिच्छेद गौरवाचे झाले की पाचव्यात गावाची गाऱ्हाणी हळूच मांडली जात. दुसरे व्यासपीठच नसल्यामुळे समारंभ हीच दाद मागण्याची जागा होती. म्हणून समारंभ निरर्थक, असे माझे म्हणणे नाही. प्रश्न इतकाच की, समारंभाचा खर्च ठरावाने होतो आणि गाऱ्हाणे मात्र विनंतीच राहते.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. निवडून आलेले सभासद आणि बिनसरकारी अध्यक्ष यांची वाट त्यातून मोकळी झाली. आता तरी लोकांची गाऱ्हाणी आधी येतील, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. ती कितपत पुरी झाली, हे पुण्याच्याच मंडईच्या गोष्टीतून दिसते.

तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणात भरे. बैलगाड्या, टोपल्या, गिऱ्हाईक आणि जाणारे-येणारे सगळे एकाच जागेत. ही गर्दी हलवून छपराखाली आणण्यासाठी शुक्रवार पेठेत दगडी मंडई बांधण्यात आली आणि १८८६ साली तिचे उद्घाटन होऊन तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. इमारत देखणी, आजही पुण्याची शान. तरी या मोठ्या खर्चालाही फुल्यांचा विरोध होता. त्यांच्या मते शिक्षणाची निकड आधीची होती. इथे मात्र मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. रस्त्यावरचा बाजार छपराखाली नेणे हे पायी चालणाऱ्याच्याही सोयीचे काम होते. पण इतिहासाची गंमत पुढेच आहे. १९३८च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्या वास्तूच्या खर्चाला विरोध केला, तिच्यावरच विरोधकाचे नाव लागले. नामकरण झाले, समारंभ झाला. खर्चाआधी विचारायचा प्रश्न मात्र पाटीवर लिहिता येत नाही.

कायद्याने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे, हे मला बरेच उशिरा कळले. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली, ती ज्या १९४९च्या अधिनियमाखाली, त्यात कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामे येतात: रस्ते बांधणे आणि दुरुस्त राखणे, दिवाबत्ती, झाडलोट, रस्त्यातले अडथळे दूर करणे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे येतात. मानपत्रे, समारंभ ही या दुसऱ्या वर्गातली. नगरपालिकांच्या १९६५च्या अधिनियमातही बंधनकारक आणि ऐच्छिक अशी विभागणी आहेच. म्हणजे वडिलांनी मागितलेला दिवा हा नगरपालिकेचा उपकार नव्हता, ते तिचे कर्तव्य होते. आणि ज्याला सर्वानुमत मिळाले ते स्वागत ऐच्छिक होते. वडिलांनी ‘विनंती’ लिहिले, कारण दुसरा शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता.

उलट उदाहरणही पुण्याचेच आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पावसाने शहराचे रस्ते उखडले आणि लोकांची ओरड झाली. तेव्हाचे स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईतले रस्ते पाहून तिथली रिकॉन्डो ही कंपनी शोधून काढली. जंगली महाराज रस्त्याचे काम तिला दिले गेले, ते रस्त्यावर दहा वर्षे खड्डा पडणार नाही अशा हमीवर. १९७६च्या आरंभी तो रस्ता खुला झाला आणि हमीची मुदत उलटून गेल्यावरही कितीतरी पावसाळे टिकला. त्याच्या उद्घाटनाला कोण पाहुणे होते, हे पुणेकरांना विचारले तर सांगता येत नाही. हमी दहा वर्षांची होती, हे मात्र पुष्कळांना पाठ आहे. रस्त्याच्या ठरावात कोण जबाबदार आणि किती काळ हे लिहिलेले असले की तो ठराव लोकांच्या स्मरणात राहतो, ही यातली शिकवण.

आज रहिवाशांच्या अर्जात दिव्याऐवजी गतिरोधक असतो. अपघात झाला, लोक रस्त्यावर बसले की रातोरात डांबराचा एक उंचवटा टाकला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणकात गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. त्यावर रंगाचे पट्टे आणि आधी सूचनाफलक हवा. आमच्याकडचा उंचवटा उंच, अरुंद आणि बिनरंगाचा. अंधारात दुचाकीवाल्याला तो दिसत नाही, म्हणजे जीव वाचवायला मागितलेली वस्तूच जिवावर उठते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या प्रमाणकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरणाला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे. पण ‘अपघात’ या शब्दाआड लपण्याची सोय तिने थोडी तरी कमी केली.

गेल्या वर्षी त्याच वळणासाठी मी अर्ज केला. मुलांना रस्ता ओलांडण्यासाठी पट्टे आणि प्रमाणकानुसार गतिरोधक, एवढीच मागणी. वडिलांच्या प्रतीची छायाप्रत सोबत जोडली. ‘विनंती’ हा शब्द गाळून ‘बंधनकारक कर्तव्य’ असे लिहिले, कलम घातले, आणि विषय सभेपुढे ठेवून त्यावर झालेला ठराव लेखी कळवावा असे शेवटी म्हटले. कारकुनाने तो दोनदा वाचला, शिक्का मारला. दोन महिन्यांनी विषयपत्रिकेत तो अकराव्या क्रमांकावर आला. दहावा विषय एका चौकाच्या नामकरण समारंभाचा होता.

प्रेक्षकांच्या बाकावर बसून मी दोन्ही ऐकले. दहावा विषय सर्वानुमते मंजूर. अकराव्यावर चर्चा झाली, एक सभासद उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारले, “नामकरणाच्या खर्चात हे पट्टे बसत नाहीत का?” थोडा हशा झाला. पट्ट्यांचा विषय पुढच्या सभेवर गेला. पण इतिवृत्तात त्या सभासदांचा प्रश्न नोंदला गेला आहे, मी प्रत काढून पाहिली. पेटीत वडिलांच्या अर्जाखाली ती प्रत आता ठेवली आहे.