धक्क्याचा जमाखर्च

केडगाव म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नगरचं का?" नगरजवळही एक केडगाव आहे, नाही असं नाही. पण आमचं केडगाव दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंनी इथे 'मुक्ती' उभी केली, मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणलं आणि १९२२ साली इथेच देह ठेवला. एका गावाला एवढा इतिहास पुष्कळ झाला. त्यात भर घालावी असं माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाच्या मनात कशाला येईल? पण आमच्या घरी १९७१ सालची जावा मोटारसायकल आहे आणि अण्णांची कंबर आहे. या दोघींनी मिळून मला इतिहासात ओढलं.

अण्णा शाळामास्तर. जावा त्यांनी जुनीच घेतली आणि नोकरी संपेपर्यंत तिच्यावरून शाळेत गेले. तिच्या टाकीवर बसून मी लहानाचा मोठा झालो. पुढे अण्णांच्या कंबरेचा फोटो निघाला, डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि "आता मोटारसायकल बंद," असं सांगितलं. तेव्हापासून जावा पडवीत गोणपाटाखाली उभी. दर रविवारी अण्णा तिला पुसायचे, गिअरचाच दांडा आत दाबून, वर फिरवून त्याची किक करायचे, गाडी चालू करून दोन मिनिटं आवाज ऐकायचे आणि आरती संपल्यासारखी बंद करायचे. एका रविवारी म्हणाले, "एकदा चौफुल्यापर्यंत जाऊन आलो असतो तुझ्यामागे बसून. पण कंबर..." वाक्य तिथेच राहिलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाची अशी राहिलेली वाक्यं फार वेळ राहू देऊ नयेत.

मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने मागची सीट दोन्ही हातांनी दाबली. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली आणि मानेला झटका दिलेल्या नंदीबैलासारखी हलतच राहिली.

"शॉक गेलेत, भाऊसाहेब. नवे गॅसवाले टाकू. नाहीतर एक काम करतो, मागची चासी कापून मोनोशॉक बसवतो. मोबाईलवर दाखवतो बघा, कसली भारी दिसते!"

कापायचं नाव काढल्यावर मी गाडी घेऊन परत आलो. आम्ही बँकवाले कर्ज द्यायच्या आधी कागद बघतो. तसे मोटारसायकलचे कागद बघत बघत मी थेट १८८५ सालापर्यंत मागे गेलो.

त्या साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख या दोघांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी केली. सांगाडा लाकडाचा, चाकंही लाकडाची आणि त्यांना लोखंडी धावा. मुख्य चाकांना स्प्रिंग नाही. तिच्यावर डाइमलरचा मुलगा बसला आणि वाटेत सीटने पेट घेतला असं सांगतात. म्हणजे धक्का खालून आणि आगही खालूनच. आमच्याकडच्या टांग्याला कमानपाटे होते, त्यामानाने टांगेवाला राजा.

मग माणसाने आधी सीटखाली स्प्रिंगा घातल्या, मग पुढच्या चाकाला. मागच्या चाकाची आठवण फार उशिरा झाली, कारण मागे बसणाऱ्याचं मत विचारायची पद्धत कोणत्याच देशात नव्हती. अमेरिकेतल्या 'इंडियन' कंपनीने १९१३ साली मागे कमानपाटे बसवले, पण बाकीच्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. १९३५ साली बीएमडब्ल्यूने पुढे दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या बसवल्या आणि त्यांत तेलाची सोय केली. खरी गंमत या तेलात आहे.

ती मला वाणिज्य शाखेच्या पद्धतीने समजली, तशीच सांगतो. खड्डा धक्का देतो, स्प्रिंग तो जमा करून घेते. पण स्प्रिंग फार प्रामाणिक. घेतलेला धक्का ती लगेच परत करते, मग पुन्हा घेते, पुन्हा परत करते. मिस्त्रीच्या हाताखाली जावा हलत राहिली ती याच प्रामाणिकपणामुळे. शॉकमधल्या तेलाला मात्र बारीक भोकातून जावं लागतं. त्या खटपटीत धक्क्यातली शक्ती उष्णतेच्या खाती जाते आणि हिशेब तिथेच मिटतो. बँकेच्या भाषेत, तेल धक्का निर्लेखित करतं. मात्र सतत हलून तेलाला फेस आला की हे काम बिघडतं. म्हणून नव्या शॉकमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात, तो फेस होऊ देत नाही. मिस्त्रीचे 'गॅसवाले' ते हेच.

आता राहिला प्रश्न कापाकापीचा. अण्णांचं म्हणणं एकच, "गाडी मूळ राहिली पाहिजे." म्हणून मी मूळ शोधायला गेलो, आणि चक्रावलो.

झेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक नावाच्या शस्त्रांच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचा हक्क घेतला. त्याच्या नावातलं 'जा' आणि वांडररमधलं 'वा' मिळून जावा. म्हणजे नावच मुळी दोघांच्या वर्गणीतून झालेलं. पुढे जर्मनांनी तो देश बळकावला. त्या काळात कारखान्यातल्या लोकांनी लपूनछपून एक नवी गाडी तयार केली आणि १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. मागच्या चाकालाही स्प्रिंग असलेल्या या गाडीचं नाव पडलं 'पेराक'. युद्धाच्या काळात प्रागमध्ये अफवा होती, की पायांना स्प्रिंगा लावून रात्री घरांवरून उड्या मारणारा एक माणूस आहे. तो पेराक. आपल्याकडे असता तर त्याच्या नावाने एखादं देऊळ झालं असतं.

ही जावा भारतात आणली इराणी मंडळींनी. १९६१ पासून म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात ती तयार होऊ लागली. १९७३ साली तिची 'येझदी' झाली, हे नाव इराणातल्या यझ्द शहरावरून. कारखाना १९९६ साली बंद पडला. म्हणजे झेक हात, जर्मन हक्क, इराणी मालक, म्हैसूरचे कामगार आणि वर बसलेले केडगावचे मास्तर. यात मूळ कोण, ते रेशनकार्डावर लिहायची वेळ आली तर तलाठी राजीनामा देईल.

योगायोग असा, की ज्या १९७३ साली म्हैसूरला जावाची येझदी झाली, त्याच साली एकच शॉक असलेली यामाहा मोटोक्रॉसच्या जागतिक शर्यतीत अजिंक्य ठरली. ती कल्पना लुसियन टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची. मिस्त्रीचा मोनोशॉक तो हाच. डोंगरदऱ्यांतून उड्या मारणाऱ्यांसाठी तो उत्तम. पण अण्णांना उडी मारायची नव्हती, चौफुल्याला जायचं होतं.

शिवाय कायदा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, गाडीच्या रचनेत तिचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. आणि २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून खास 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे चासी कापली तर तो मान गेला, आणि मान घेतला तर गाडी शोभेची. मी अण्णांना विचारलं, "मान हवा की चौफुला?" ते म्हणाले, "चहा कुठे घ्यायचा ते सांग."

तेव्हा ठरलं असं: चासीला करवत लागणार नाही. जुने शॉक काढायचे, नवे त्याच बोल्टांवर बसवायचे. मनात आलं तर संध्याकाळी पुन्हा जुने.

पहिल्यांदा मिस्त्रीने पल्सरचे शॉक लावले. आपल्याच जिल्ह्यात चाकणला होणारी गाडी, म्हटलं गाववाले जमवून घेतील. पण लांबी जुळेना. मागचा भाग वर गेला, स्टँड जमिनीला टेकेना आणि दिवा पोरीकडचा बाप मांडवात बघतो तसा खाली बघू लागला. मागची बाजू उंच झाली की पुढच्या चिमट्याचा कल बदलतो आणि हँडल उतावळं होतं. मागचा चिमटा खाली झुकला की साखळीचा ताण बदलतो, आणि जावाची साखळी तर डब्यात बंद. शेवटी भोकापासून भोकापर्यंत जुन्याइतकीच लांबी असलेले दुसऱ्या एका गाडीचे गॅसवाले शॉक मिळाले. बुश नवीन घडवावे लागले. पुढच्या नळ्यांतलं काळं तेल काढून नवं भरलं. खालच्या खाचा दोघांच्या वजनाला लावल्या. माझं वजन मिस्त्रीने मोठ्याने विचारलं, ते गैरसोयीचं झालं.

मधल्या काळात कळलं, की २०१८ साली जावा पुन्हा बाजारात आली तेव्हा कंपनीनेच जुनं 'पेराक' नाव घेऊन, मोनोशॉक लावून एक गाडी काढली. पोराने फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "मागची सीट कुठंय?" नव्हतीच. ती एकट्याची गाडी. अण्णांनी मोबाईल परत दिला. धक्के पचवायला माणसाने एवढं डोकं लावलं आणि शेवटी मागचा माणूसच उतरवला!

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आमच्या हिने अण्णांच्या पाठीला उशी बांधायचा आग्रह धरला, तो त्यांनी मास्तरी नजरेने परतवला. पहिला गतिरोधक आला. अण्णा सवयीने दोन्ही पायांवर जोर देऊन अर्धे उठले. मला मागे न बघता कळलं. लहानपणी टाकीवर बसलेला असताना तेच मला दंडाला धरून असं उचलायचे. दुसऱ्या गतिरोधकालाही उठले.

तिसऱ्याला उठले नाहीत.

चौफुल्याला चहा झाला. घरी आल्यावर त्यांनी जुने शॉक मागून घेतले, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली, 'मूळ'. मग मला म्हणाले, "पुढच्या रविवारी पाटसपर्यंत जाऊ."